पाच घरची ताटं

आमच्या घरात भाजी विकत आणणं म्हणजे लाज वाटायची गोष्ट. दर आठवड्याला माय धाड गावच्या बाजारात जायची, मीठ, गूळ, चहापत्ती आणि साबण घ्यायची, आणि भाजीच्या रांगेतून जाताना प्रत्येक ढिगाचा भाव विचारून काही न घेता पुढे सरकायची. भाजीवाल्या तिला ओळखून होत्या. "आली पाहा भाव पुसणारी," एक जण तर तोंडावरच म्हणायची. मायला त्याचं काही वाटत नसे. ते भाव तिला घरी येऊन बाबांना सांगायचे असायचे. "वांगे लय महाग झाले, आयकलं का?" ती म्हणायची, आणि बाबा चहा पिता पिता मागच्या दारातून आपल्या वांग्यांच्या ओळीकडे बघायचे. त्या दिवशी त्यांना चहा जरा जास्तच गोड लागत असावा.

मागची जागा म्हणजे फार काही नाही. न्हाणीपासून कुंपणापर्यंत बारा पावलं लांब, सहा पावलं रुंद. न्हाणीचं पाणी एका चरातून तिथं सोडलेलं. बाबा रस्त्याच्या कामावर मजूर होते. दिवसभर खडी पसरून आले की संध्याकाळी या चराचं तोंड फावड्यानं इकडून तिकडे फिरवत बसायचे. आज गवारीला, उद्या वांग्याला. कुंपणावर वाल आणि गिलके चढवलेले, कोपऱ्यात आंबाडी, आणि पाणी साचतं तिथं सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. फार साबणाचं पाणी मेथीला चालत नाही असं बाबांचं म्हणणं होतं, म्हणून आम्ही अंगाला साबण कमी लावायचो. बाबांचं म्हणणं खरं की खोटं, माहीत नाही. माझ्या अंगावर फेस म्हणून कधी झाला नाही, एवढं खरं.

पिकवायचं बाबांनी आणि साठवायचं मायनं, अशी वाटणी होती. हिवाळ्यात खाऊन उरलेली गवार ती उकडून वाळवायची, वांग्याच्या फोडी करून बाजेवर पसरायची, मेथी सावलीत सुकवायची. हरभऱ्याच्या शेतात मजुरीला गेली की येताना ओटीत पाला. मार्चमध्ये तुरीला तेल लावून उन्हात टाकायची आणि घरीच डाळ करायची. गव्हात लिंबाचा पाला घालून कोठी बंद. आणि सगळ्यात शेवटी तळण. तळण म्हणजे तळून खायचं वाळवण: कुरडया, पापड, खारोड्या. तेलाचे रिकामे पिपे धुऊन, उन्हात तापवून, त्यात ते भरलं जायचं. पावसाळ्यात मजुरी बंद पडली, शेतात चिखल झाला आणि परसातली भाजी किडीनं खाल्ली, की हेच पिपे उघडायचे. दोन कुरडया तळल्या की भाकरीबरोबर जेवण. त्याच कुरडया भिजवून कांद्यात परतल्या की भाजी. आमच्या घरी पावसाळ्यात कोणी उपाशी झोपलं नाही. यात सरकारचा किंवा पावसाचा काही हात नव्हता, हे मी ठामपणे सांगू शकते.

आता माझं सांगते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. गल्लीतल्या मुलींमध्येही पहिलीच. अकरावीपासून एम.ए.पर्यंत सात वर्षं वसतिगृहात काढली. तिथं फी माफ असलेल्या मुलींना वर्गात उभं करून नावं वाचायचे. मी उभी राहायचे तेव्हा मान खाली घालत नसे, मुद्दाम. पण तेव्हापासून एक मात्र मनात पक्कं बसलं, की कोणी दिलेलं खायचं नाही. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास तेवढे पैसे. मार्चमध्ये तास संपतात, आणि पुन्हा बोलावणं येईपर्यंत श्रावण उजाडतो. म्हणजे एम.ए., बी.एड. होऊनही वर्षातले चार-पाच महिने मी मायच्या पिप्यांवरच जगत होते. हे लोकांना सांगायला मला आवडत नाही. पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

बाबा गेले ते जानेवारीत. तीन दिवस ताप, मग बुलढाण्याचा दवाखाना, मग एसटीऐवजी गाडीनं परत. एवढंच. मागं वाल शेंगांनी लगडला होता. विहारातून भंतेजी आले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे जेवून गेले. आमच्यात सुतक पाळत नाहीत. ते माझ्या आजोबांच्या पिढीनं सोडून दिलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी माय मागे जाऊन शेंगा तोडायला लागली. मी म्हटलं, "राहू दे ना आज." तर म्हणाली, "शेंगा कोणासाठी थांबतीन?"

तेव्हापासून गल्लीतल्या बाया रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसायला लागल्या. पुढे असायची ती समोरच्या घरची काकू. ती आणि माय एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. कोणी शेंगा सोलायची, कोणी नुसतीच बसायची. मी बसमधून उतरून घरी येईपर्यंत त्यांची उठायची वेळ झालेली असायची. "आली मास्तरीण, चला व," असं म्हणत लुगडी झटकून उठायच्या. त्या काय बोलतात याची मी कधी चौकशी केली नाही. मला वाटायचं, बायांचं बोलणं.

मार्च आला. माझे तास संपले. एका सकाळी मी म्हटलं, "माय, गहू कधी भिजू घालायचे?"

माय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "यंदा नाई घालायचे."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुह्या बाबाले जाऊन दोन महिने झाले. माणूस गेलं त्या घरी वर्षभर तळण घालत नाईत. लोणचं बी नाई."

"मग पावसाळ्यात काय खायचं?"

"गल्लीतल्या बाया देतीन ना. पाच घरून ताटं येतात. त्या आपल्या घरी करतीन तवाच आपला वाटा टाकतीन."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी कुणाच्या तरी घरी अशी झाकलेली ताटं जाताना पाहिली होती. पण आपल्या घरी ताटं येणार, पाच बाया दारात उभ्या राहून आपल्याला पापड देणार, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि माझं डोकं फिरलं.

"आपुन सुतक सोडलं, बारावं-तेरावं सोडलं, मग हे काऊन धरून ठेवलं?" मी विचारलं.

"हे सुतक नोहे. हे बायांचं हाय."

"बायांचं म्हणजे काय?"

"बायांचं म्हणजे बायांचं," माय म्हणाली आणि भाकरी उलटली.

मायला वाद घालता येत नाही. मला येतो. मी तिला बराच वेळ समजावलं. हे सगळे जुने रिवाज आहेत, गरीब बाईला आणखी लाचार करणारे आहेत, आणि काम केलं की मन रमतं, असं बरंच काही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तू शिकेल हायेस. तुले जसं समजते तसं कर. मले लावू नको."

दुसऱ्या दिवशी ती तुरीच्या कडप्या, म्हणजे कापून ठेवलेल्या पेंढ्या, गोळा करायला शेतावर गेली, तेव्हा मी कोठीतले चार पायली गहू काढले, धुतले आणि भिजत घातले.

कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलायचं. एकदा भिजले की मागे फिरता येत नाही. वाटले नाहीत तर आंबून फेकावे लागतात. मी हे मुद्दाम केलं होतं, खोटं काऊन बोलू. मायनं परत आल्यावर ते गहू पाहिले. तीन दिवस त्या पातेल्याला वळसा घालून जात राहिली. तिसऱ्या दिवशी आंबूस वास घरभर झाला, तेव्हा फक्त एवढं म्हणाली, "पाणी बदललं का सकाळी?" बदललं नव्हतं. मी बदललं.

चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढला आणि पातेल्यात बसू दिला. तो पाचव्या दिवशी सकाळी शिजवायचा. गव्हाचा चीक शिजवणं एकटीचं काम नाही. एकीनं ढवळायचं, एकीनं सोऱ्या दाबायचा, एकीनं पसरायचं. आमच्या गल्लीत त्याच्या पाळ्या असतात. आज तिच्या घरी सगळ्या, उद्या हिच्या घरी. प्रत्येक जण आपापला सोऱ्या घेऊन येते. माय या पाळीत तीस वर्षं न चुकता गेलेली. मी समोर काकूकडे गेले.

"काकू, आज आमच्याकडं कुरडया आहेत. येता का?"

काकूच्या ओट्यावर आधीच चार बाया होत्या, चुलीवर पातेलं होतं. काकूनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी दुसऱ्या गावाची आहे.

"तुमच्या घरी? यंदा?"

"हो."

"कशी येऊ बाई? तुह्याच घरच्या करून राह्यलो आमी. हे पाहाय." तिनं बाजेच्या एका कडेला घातलेल्या कुरडया दाखवल्या. वेगळ्या लुगड्यावर, नीट ओळीत. "तुह्या मायनं काई सांगतलं नाई का तुले?"

"सांगितलं," मी म्हटलं आणि परत आले.

एकटीनं आधण ठेवलं, मीठ टाकलं, चीक ओतला. एका हातानं ओतायचा आणि दुसऱ्या हातानं ढवळायचा, ते काही जमलं नाही. गाठी झाल्या. पातेलं हलायला लागलं, ते धरायला गेले तर हात पोळला. खालून लागल्याचा वास आला. माय दाराच्या आत पाठ करून बसली होती. त्या वासानं ती उठली, बाहेर आली, माझ्या हातातला लाकडी चाटू घेतला आणि ढवळायला लागली. चार पायली गहू डोळ्यांदेखत जळताना पाहायचे, हे तिला मरेपर्यंत जमलं नसतं. तिनं चीक सारखा केला, गाठी फोडल्या, आणि मी सोऱ्या दाबायला लागले. त्या वेळी मी मनात म्हटलं, जमलं. आली शेवटी.

मी तिचं अन्नाचं जिवापाड जपणं वापरून तिच्याकडून तिच्या मनाविरुद्ध काम करून घेतलं होतं. पण हे मला त्या दिवशी दिसलं नाही. मला दिसले ते भरलेले पिपे.

आठ-दहा दिवसांनी, दिवस कलायला लागला होता तेव्हा, पाच जणी दारात आल्या. पुढे काकू. प्रत्येकीच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट. माय मागे गवारीला पाणी देत होती.

"माय कुठी हाय व?" काकूनं विचारलं.

मी घरी आमच्याच बोलीत बोलते. पण चिडले की कॉलेजात बोलते तसं बोलते. त्या वेळी मी शुद्ध मराठीत म्हणाले, "काकू, कशाला त्रास घेतला तुम्ही? आमच्याकडे आहे. आम्ही केलं यंदा."

मागून काकूची तरणी सून पुढं झाली. "म्हणजे खरंच केलं? घरचं माणूस गेलं तरी?"

"हो. असल्या गोष्टी आम्ही मानत नाही."

"आमी म्हणजे कोण? तुमची माय बी?"

मी आत गेले, पिपा उचलून आणला आणि झाकण काढून त्यांच्यापुढं ठेवला. "हे बघा. भरलेले आहेत. कोणाकडून घ्यायची गरज नाही आम्हाला."

काकूनं वाकून पाहिलं. एक कुरडई काढली, मोडली, वास घेतला. "जराशी लागली वाटते खाली," ती म्हणाली आणि तुकडे परत पिप्यात ठेवले. मग म्हणाली, "बाई, हे भिकेचं ताट नोहे."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं नाई. पण पिपा दाखवला ना."

तिनं फडकं सारखं केलं आणि वळली. बाकीच्या तिच्या मागे. जाता जाता त्या सुनेनं मला ऐकू येईल असं म्हटलं, "चला व आत्याबाई. शिकेल घर हाय. याईचं दुःख बी लवकर आवरते."

माय ओल्या पायांनी आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कुंपण ते दार, अंतर तरी किती. पिप्याचं झाकण लावून तिनं तो जागेवर नेऊन ठेवला. मग भिंतीला टेकून बसली.

"त्या माह्यासाठी आल्या होत्या, तुह्यासाठी नाई," ती म्हणाली.

"मी काय वाईट बोलले?"

"ताट घेतलं का त्याईले बसवा लागते. मग एकेकीनं गेल्या माणसाची एकेक गोष्ट सांगायची. कशी मजा केली, कशी फजिती झाली, कोणाले काय देल्लं. मी बी सांगायची. मग वर्षभर कोणी बी आली का त्याचं नाव निघते. ताटं घेतले म्हणजे सांगतलं, का आमच्या घरचं दुःख अजून सरलं नाई." तिनं पिप्याकडं हात केला. "आपुन पिपे भरले. म्हणजे सरलं."

"हे आधी काऊन नाही सांगितलं मला?"

"हे बी सांगा लागते का? तू याच गल्लीतली हायेस ना?"

त्यानंतर कोणी आमच्याशी भांडलं नाही. अबोला धरला नाही. तसं झालं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. बाया हसून बोलायच्या, पाणी भरताना मायला पुढे जागा द्यायच्या. फक्त संध्याकाळी येऊन बसणं बंद झालं. ज्या घरात तळण झालं त्या घरात बसायला जाण्याचं काही कारण उरत नाही. आणि बाबांचं नाव गल्लीत निघेनासं झालं. मुद्दाम नव्हे. त्यांच्या हिशेबी आमचं ते सरलं होतं, आणि सरलेलं उकरून काढू नये, असं त्यांना वाटत असावं.

माय परसातच जास्त वेळ घालवायला लागली. चराचं तोंड फिरवायचं काम आता तिचं होतं. बाबा गेल्यावर भाजी कमी लागणार, तर तिनं उलट जास्त लावली. कुंपणाच्या पलीकडेही भेंडीच्या दोन ओळी टाकल्या. जास्तीची भाजी ती पूर्वीसारखी गल्लीत वाटायची. पूर्वी तिचं भांडं गेलं की कुणाच्या तरी घरी महिनाभर पडून राहायचं आणि मग कधीतरी आंबट वरण नाहीतर बोरं घेऊन यायचं. कोणाचं काय कोणाकडं आहे हे कोणाला आठवत नसे. आता भांडं त्याच दिवशी परत यायला लागलं, घासून, आणि आत काहीतरी घालून. दोन लिंबं. मूठभर शेंगदाणे. माय ते लिंबू हातात घेऊन बघत राहायची.

पावसाळ्यात मी कुरडया तळल्या. चांगल्या फुलल्या, थोडा करपट वास होता पण चालण्यासारखा. मायच्या ताटात ठेवल्या तर तिनं उचलून माझ्या ताटात ठेवल्या.

"मले खोकला हाय."

पुढच्या आठवड्यात दात दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं कारणही दिलं नाही. वाळवलेली गवार, आंबाडी, ठेचा, भाकरी, एवढ्यावर ती जेवायची. मी समोर बसून कुरडई खायचे. दाताखाली तिचा केवढा आवाज होतो, हे मला तोवर कळलं नव्हतं. पुढं पुढं मीही तळणं बंद केलं. झड लागली तेव्हा पिप्यातल्या कुरडया सादळल्या. ऊन पडलं की माय त्या काढून बाजेवर टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा भरायची. खात नव्हती, पण खराबही होऊ देत नव्हती.

सप्टेंबरात, कॉलेजचे तास सुरू झाल्यावर, एका रविवारी मी काकूकडे गेले. ती ओट्यावर मूग निवडत होती.

"काकू, ते ताट..."

"कोणतं ताट?"

"मायचं. तुम्ही आणलं होतं ते."

"ते तर खाल्लं बाई पोराईनं. ठेवून काय करतो?"

मी उभीच होते. म्हटलं, "माझं चुकलं." असं मी त्याआधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. वसतिगृहात नाही, कॉलेजात नाही, घरी तर नाहीच.

काकूनं सूप खाली ठेवलं. "चुकलं काय त्यात. तुह्या घरी भरून होतं, तू सांगतलं. खोटं थोडीच बोलली."

"पुन्हा आणता येईल का? तुम्ही पाच जणी..."

"आता? झडीत?" ती हसली. रागानं नाही. "असं नाई होत व बाई. त्याची वेळ असते. आता आमी ताटं घेऊन निंगालो तर लोक म्हणतीन, याईच्या घरी अजून कोण गेलं?"

पण ती आत गेली आणि वर्तमानपत्रात दहा-बारा कुरडया बांधून घेऊन आली. "घेऊन जाय. घरच्याच समज."

मायनं पुडकं उघडलं. "मागून आणल्या?"

"हो."

तिनं पुडकं जसं होतं तसं पुन्हा बांधलं आणि फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलंभर गिलके काकूकडे पाठवून दिले. संध्याकाळी टोपलं परत आलं, आत अर्धा शेर मूग.

मी तेव्हा तिच्याजवळ बसायचा प्रयत्न केला. बस लवकरची पकडून येऊ लागले, मागे परसात तिच्याबरोबर शेंगा सोलू लागले. म्हटलं, "बाबांचं काहीतरी सांग ना." ती म्हणायची, "तुले काय सांगू? तुहेच तर बाबा होते." आणि सोलत राहायची. मला बोलतं करता येतं असा माझा समज होता. साठ मुलांचा वर्ग मी गप्प बसवू शकते आणि बोलताही करू शकते. मायपुढं ते चाललं नाही. मुलीपुढं नवऱ्यासाठी रडायची तिला सवय नव्हती. त्यासाठी तिच्या वयाच्या, तिच्याबरोबर या गल्लीत आलेल्या बाया लागत होत्या, आणि त्यांना मी पिपा दाखवून परत पाठवलं होतं.

जानेवारीत वर्ष झालं. विहारात वंदना झाली, आम्ही भोजनदान दिलं, गल्ली जेवायला आली. काकूनं वाढायला मदत केली. सगळं नीट पार पडलं.

मार्चमध्ये एका सकाळी माय स्वतःच म्हणाली, "गहू भिजू घाल." पाचव्या दिवशी आमची पाळी. सकाळी सहालाच बाया आल्या, आपापला सोऱ्या घेऊन, काकू आणि तिची ती सूनही. गेल्या वर्षीचं कुणाच्या बोलण्यात नव्हतं. चूल पेटली, आधण आलं, मायनं चीक ओतला आणि चाटू फिरवायला घेतला. मी सोऱ्या दाबत होते. काकू बाजेच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसून कुरडया सारख्या करत होती. सून तिच्या माहेरच्या कुठल्याशा लग्नाचं सांगत होती. नवरदेव घोड्यावर बसायला घाबरला आणि शेवटी मोटरसायकलवर आला. बाया हसत होत्या. मायही हसली.

दुसऱ्या खेपेचा चीक दाट व्हायला लागला, त्याचा तो गोडसर वास सुटला. चाटू फिरवता फिरवता माय म्हणाली, तशी कुणालाच नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

"याईले चीक लय आवडे. वाटी घेऊन उभेच राहत."

"हाव ना," सोऱ्या भरणारी एक म्हणाली. "ढवळ व बाई, खाली लागून राह्यला." आणि सुनेकडं वळली. "मग? मोटरसायकल कोणं चालवली?"

मायनं चाटू खालपर्यंत घालून फिरवला. मी सोऱ्या थांबवला. मला वाटलं, आता तरी आपण बोललं पाहिजे.

"गूळ टाकून खायचे ना बाबा?" मी म्हटलं.

"तेल," माय म्हणाली. "तेल अन् तिखट. गुळाले तर हातबी लावत नसत." मग माझ्याकडं न बघता, "तुले कसं ठाव असंन. कुरडयाच्या वक्ताले तू पह्यले होस्टेलात, अन् मंग पुस्तकात राहे."

काकूला ते ठाऊक होतं, ती तीस वर्षं याच पाळीत होती. मायनं मान वळवून बाजेच्या त्या टोकाकडं पाहिलं. काकूचे हात चालूच होते. तिला ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. मायनं ते पुन्हा म्हटलं नाही.